‘चिंकी’ म्हटलं की तो हसायचा, मग आता काय झालं?

आधी प्रश्न काय आलाय ते थोडक्यात सांगते. कोथरूडला पाच मुलं फ्लॅट करून राहतात, चार मराठी आणि एक मिझोरमचा, ऐझॉलचा. दोन वर्षं सगळे त्याला चिंकी म्हणायचे, म्हणजे ईशान्येकडच्या लोकांना दिसण्यावरून चिडवतात तो शब्द, "प्रेमानं हो मॅडम, तो पण हसायचा, कधी कधी स्वतःच म्हणायचा." मागच्या महिन्यात एकाची मैत्रीण आली होती, तिनं सगळ्यांदेखत यांना झापलं. तो काही बोलला नाही, पण आठवड्याभरात ग्रुप सोडला आणि पंधरा दिवसांत रूमही. आता विचारणाऱ्याचं म्हणणं असं की आम्ही एकमेकांना पण काळ्या, जाड्या म्हणतो, तो पण आम्हाला घाटी म्हणायचा, मग आमचंच चुकलं का, आणि माफी मागायची तर कशी. शिवाय एका मित्राला वाटतंय केस होईल. आणि त्याचं डिपॉझिट अजून यांच्याकडेच आहे.

मी बावीस वर्षं पुण्यात हॉस्टेलवर काढलीत, आधी रेक्टर म्हणून आणि नंतर बाहेरून आलेल्या मुलांचं बघायचं काम, म्हणजे सुदान, केनिया, टांझानिया, इराण, येमेन, आणि आपलेच मणिपूर, नागालँड, अरुणाचल, मिझोरमचे. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाहीये, फक्त दरवेळी फ्लॅट वेगळा असतो.

तुमचं चुकलं का, तर हो, चुकलं. पण तू समजतोयस तिथे नाही. तुझ्या डोक्यात असं आहे की हेतू वाईट होता की चांगला एवढाच प्रश्न आहे, आणि हेतू चांगला होता हे तुला माहितीय म्हणून तू गोंधळलायस. हेतू चांगला होता हे मी धरूनच चालते, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मी मुलांना एवढंच विचारते की तो शब्द त्याला दिवसभरात अजून कोण कोण म्हणतं? तुझ्या मित्राला सकाळी रिक्षावाला म्हणतो, बस स्टॉपवर मागं उभी असलेली पोरं म्हणतात, फ्लॅट बघायला गेला की ब्रोकर फोनवर मालकाला "चिंकी हैं, चलेगा क्या" असं त्याच्यासमोरच विचारतो, आणि रात्री दमून घरी आला की चार मित्र पण तेच म्हणतात. तुमच्या तोंडात तो प्रेमाचा असेल, पण त्याच्या कानाला चार वेगळे शब्द ऐकू येत नाहीत ना, एकच येतो. उलट रस्त्यावरच्याला तो मनात शिवी घालून मोकळा होऊ शकतो, तुम्हाला तेही करता येत नाही कारण तुम्ही मित्र.

मग हसायचा का? अरे, हसेल नाहीतर काय करेल. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, गुवाहाटी नाहीतर कोलकात्यावरून विमान बदलून इतक्या लांब आलेला, पाच ब्रोकरांनी नाही म्हटल्यावर मिळालेली खोली, परीक्षेच्या आधी नोट्स देणारे तुम्हीच, गाडीवर डबलसीट नेणारे तुम्हीच, ताप आला तर क्रोसिन आणणारे पण तुम्हीच. त्यानं पहिल्या आठवड्यात "असं नका म्हणू" म्हटलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात सांगू? "अरे मजाक करतोय यार, एवढं काय मनावर घेतोस." हे त्याला तुमच्या आधी माहीत असतं. त्याच्या मोठ्या भावानं, बहिणीनं दिल्ली-बंगलोरला हेच सगळं भोगलेलं असतं आणि निघताना घरी सांगितलेलं असतं की भांडू नकोस, हसून सोडून दे. हसून सोडून देण्यामागं भीती पण असते रे. 2014 च्या जानेवारीत दिल्लीत लाजपतनगरला निडो तानिया नावाचा अरुणाचलचा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानात शिरला, तिथं त्याच्या रंगवलेल्या केसांवरून, दिसण्यावरून चेष्टा सुरू झाली, तो चिडला, दुकानाची काच फुटली, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. सुरुवात चेष्टेनंच झाली होती. ईशान्येकडच्या घराघरात ही गोष्ट माहिती आहे, आपल्याकडे बऱ्याच जणांना नावही आठवत नाही.

स्वतःच म्हणायचा, हा तुझा दुसरा मुद्दा. बघ, आपण आपापसात "आपण घाटी माणसं बाबा, आपल्याला भाकरीच लागते" असं म्हणतो की नाही? म्हणून गोव्यात कोणी तोंड वाकडं करून घाटी म्हटलं तर चालतं का? आपला माणूस आपल्याला म्हणतो त्यात एक सोबत असते, बाहेरचा म्हणतो त्यात नसते. आणि तो तुम्हाला घाटी म्हणायचा ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही, नव्हतंच. फक्त हिशोब जुळत नाही एवढं लक्षात घे. पुण्यात, मराठी गल्लीत, चार मराठी पोरांना एक मिझो पोरगा घाटी म्हणतो तेव्हा खोली सोडायची वेळ कोणावर येणार आहे? मुंबईत एखाद्या सोसायटीत मराठी म्हणून घर नाकारलं आणि जाता जाता कोणी "घाटी लोग" म्हटलं, तेव्हा पोटात जे होतं ना, तुझ्या मित्राला ते दर महिन्याला होत असेल.

डॅरेन सॅमीचं प्रकरण आठवतंय का? वेस्ट इंडीजचा कॅप्टन, 2013 आणि 2014 ला हैदराबादकडून आयपीएल खेळला. ड्रेसिंग रूममध्ये त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला कालू म्हणायचे. त्याला वाटायचं कालू म्हणजे ताकदवान घोडा की असंच काहीतरी भारी, म्हणून तो पण खूश, स्वतःच्या एका ट्विटमध्ये त्यानं स्वतःलाच कालू म्हणून घेतलं होतं. मग 2020 च्या जूनमध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या हातून खून होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा, एका कॉमेडियनच्या कार्यक्रमात त्यानं ऐकलं की आपल्याकडे काळ्या माणसांना काय काय म्हणतात, आणि त्याची ट्यूब पेटली. व्हिडिओ टाकला, चिडला होता, म्हणाला मला ज्यांनी ज्यांनी तसं म्हटलं त्यांनी फोन करा. नंतर एका सहकाऱ्याशी बोलणं झालं, त्यानं प्रेमानंच म्हटलं होतं हे सॅमीनं मान्य केलं आणि विषय मिटवला. आपल्याकडे लोकांनी यातून काय घेतलं, तर "बघा, उगाच बाऊ केला." मी उलट म्हणते. दोन सीझन तो माणूस एका शब्दावर हसत होता, तो शब्द खुशीत स्वतःला लावून घेत होता, आणि अर्थ कळल्यावर त्या सगळ्या हसण्याचा त्याला राग आला. प्रेम खोटं नव्हतं, पण त्याला फसवल्यासारखं झालं हेही खोटं नव्हतं. आणि मिटलं कधी, तर समोरच्यानं फोन उचलून बोलणं केलं तेव्हा.

आता काळ्या. "आमच्यातल्याच एकाला काळ्या म्हणतो, त्याला काही वाटत नाही." हे वेगळं प्रकरण आहे, दोन्हीची खिचडी करू नकोस, पण फार लांबचंही नाहीये. माझ्या एका मामाला अख्खं गाव काळ्या म्हणायचं, तो पण ओ द्यायचा. आपल्याकडे काळूबाई देवी आहे, काळूराम नाव आहे, शेताला काळी आई म्हणतो, विठोबा काळा, आणि एवढं सगळं असून मुलगी दाखवायची वेळ आली की "रंग जरा सावळा आहे पण नाकीडोळी छान आहे" असं माफी मागितल्यासारखं सांगतो. मामाचं लग्न ठरेना तेव्हा एका रात्री तो आजीला म्हणाला, मला निदान घरात तरी नावानं हाक मारा. सत्तावीस वर्षं ओ देत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. तुमच्या काळ्याला पण एकदा विचार, पण सगळ्यांसमोर नको, गाडीवर जाताना विचार, तोंड दिसत नाही तेव्हा माणूस खरं बोलतो.

"पण मॅडम, माझ्या भाचीला पण आम्ही चिंकी म्हणतो," हे मी निदान पन्नास वेळा ऐकलंय. बरोबर आहे, मराठी घरात चिंगी असते, चिंकी असते, पिंकी असते. शब्द कोशातून उचलून त्याचा निवाडा होत नाही. भैय्या म्हणजे मोठा भाऊ, किती चांगला शब्द, तोच आपण कुठल्या सुरात आणि कोणाला म्हणतो बघ. हबशी हा मुळात हबश देशाचा, म्हणजे तेव्हाच्या इथिओपियाकडचा माणूस, एवढाच अर्थ. निजामशाही सांभाळणारा, खडकी वसवणारा, म्हणजे पुढचं औरंगाबाद, तो मलिक अंबर हबशीच होता. आणि आज "हबशासारखा खातोय" असं म्हणताना आपल्याला मलिक अंबर आठवतो का? 2007 साली ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटर अँड्र्यू सायमंड्सला बडोद्यात आणि मग आपल्या वानखेडेवर पब्लिकनं माकडाचे आवाज काढून चिडवलं, तेव्हा मला एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थांनी सांगितलं होतं की आपण तर मारुतीची पूजा करतो, त्यात अपमान कसला. मी विचारलं, मग तो बॅटिंगला आल्यावर तुम्ही हात जोडले होते का?

मी फार शहाणी आहे असं समजू नकोस. माझंच सांगते. सुरुवातीच्या वर्षांत हॉस्टेलच्या रजिस्टरला शेरा असा एक रकाना असायचा, त्यात मी ओळखायला सोपं जावं म्हणून काही मुलांच्या नावापुढे "निग्रो" असं लिहून ठेवलं होतं. आम्ही शाळेत तोच शब्द शिकलो होतो, पुस्तकात तोच, त्यात काही वाईट आहे हे डोक्यातच नव्हतं, आणि मुळात देवनागरीत लिहिलंय म्हटल्यावर कोण वाचतंय. केनियाचा एक मुलगा होता, दोन वर्षं झाली होती त्याला, पीएमटी बसच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं शिकला होता. एक दिवस सही करताना त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर लावून वाचलं, नि, ग्रो. आणि माझ्याकडे बघून हसला. अगदी तुझा मित्र हसायचा तसंच. मी पण हसले! काय बोलायचं सुचलंच नाही मला, आणि तो निघून गेला. रात्री मी ती पानं फाडून नवीन रजिस्टर लिहून काढलं, पण त्याला जाऊन बोलायला मला चार महिने लागले, आणि तेव्हा तो म्हणाला की त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं ते तुम्ही हसलात त्याचं. त्यामुळे "तो हसत होता ना" हा मुद्दा माझ्यापुढे चालत नाही.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी पण हेच करतात, दुकानात उभं राहून मराठीत "त्या काळ्याच्या मागं नको उभं राहू", कोणाला कळतंय म्हणून. पोरांना कळतं. शाळेत जाऊन ती पोरं काय बोलतात ते मग आईबापांना मुख्याध्यापकांच्या ऑफिसात कळतं. असो, तो वेगळा विषय.

त्या मैत्रिणीनं बोलल्यावरच तो का गेला, हे तुला छळतंय असं दिसतंय, म्हणजे तिनं विषय काढलाच नसता तर सगळं ठीक चाललं होतं असं. ठीक चाललं नव्हतं, झाकलेलं होतं. पण तिच्या पद्धतीत पण एक गडबड झाली, ती तुला सांगते कारण उद्या तू दुसऱ्या कोणाला टोकशील तेव्हा उपयोगी पडेल. तिनं झापलं त्या क्षणी सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली असणार आणि कोणीतरी विचारलं असणार, "काय रे, तुला वाईट वाटतं का?" पाच जण बघतायत, त्यानं काय सांगायचं? नाही म्हटलं तर मैत्रीण खोटी पडते आणि शब्द चालू राहतो, हो म्हटलं तर दोन वर्षांच्या मैत्रीवर सगळ्यांदेखत बट्टा. म्हणून गप्प बसला. आणि मला जवळजवळ खात्री आहे की ती गेल्यावर त्याच रात्री तुमच्यातलं कोणीतरी म्हणालं असेल, "आता परमिशन घेऊन बोलायला लागेल बाबा चिंकीशी." आठव जरा. तोपर्यंत तो स्वतःची समजूत घालू शकत होता की यांना माहितीच नाही म्हणून म्हणतात. त्या दिवसानंतर माहिती झालं होतं. मग जे म्हटलं गेलं ते माहिती असून. दुसऱ्याला टोकायचं तर बोलणाऱ्याला टोकायचं, "हा शब्द मला आवडत नाही" असं स्वतःच्या नावावर, ज्याच्याबद्दल चाललंय त्याला साक्षीदार म्हणून उभं करायचं नाही.

केसचं म्हणशील तर, 2012 साली केंद्रीय गृहखात्यानं राज्यांना कळवलं होतं की ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या माणसाला असं हिणवलं तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवा, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा चिंकी हाच शब्द पेपरात सगळीकडे आला होता. निडोच्या प्रकरणानंतर बेझबरुआ समिती नेमली, तिनं 2014 च्या जुलैमध्ये अहवाल दिला, वेगळं कलम करा, शाळेच्या पुस्तकांत ईशान्येचा इतिहास घाला असं बरंच सांगितलं, आणि 2016 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं पण अशा तक्रारींवर लक्ष ठेवायला केंद्राला समिती करायला लावली. पण खरं सांगू, रूम सोडून गुपचूप निघून जाणारा मुलगा केस करत नाही. त्याला पोलीस स्टेशनमध्ये पुन्हा तोच शब्द ऐकायचा नसतो. तुझा मित्र केसला घाबरतोय म्हणजे त्याला अजून पण स्वतःचंच पडलंय, त्याला म्हणावं जरा गप्प बस.

नाव उच्चारता येत नव्हतं म्हणून चिंकी पडलं असं तू लिहिलंयस. हे मला सगळ्यात जास्त लागलं. हिंदी चॅनेलवाला टिळकांना "तिलक" आणि काळेंना "काले" म्हणतो तेव्हा आपण किती चिडतो, ळ येत नाही यांना म्हणून पोस्टी टाकतो. मिझो नावं ऐकायला लांब वाटतात पण त्यात एक सोय आहे, पुरुषाचं नाव बहुतेक आ वर संपतं आणि बाईचं ई वर, आणि आपल्यासारखं आडनाव बऱ्याच जणांना नसतंच, त्यामुळे फॉर्ममधल्या आडनावाच्या रकान्यात काय भरायचं यावर बिचारे दरवर्षी माझ्या टेबलापुढे उभे असायचे. नावाच्या सुरुवातीचा लाल म्हणजे लाल रंग नाही, सरदार, प्रमुख अशा अर्थाचा आहे तो. मुंबई सिटीची फुटबॉल मॅच असली की तीच आपली मराठी पोरं मिझोरमच्या लालियानझुआला छांगतेच्या नावानं ओरडून घसा फोडतात, तिथं बरी जीभ वळते. 2021 ला मणिपूरच्या मीराबाई चानूनं टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं तेव्हा अंकिता कोंवरनं, आपल्या मिलिंद सोमणची बायको, आसामची आहे ती, लिहिलं होतं की ईशान्येचा माणूस भारतीय कधी होतो तर मेडल आणल्यावर, एरवी चिंकी, चायनीज, नेपाळी, आणि आता कोरोना. तो कोरोना शब्द तर आमच्या मुलींनी 2020 च्या मार्चमध्ये इतका ऐकला की त्या भाजी आणायला बाहेर पडेनात, मी आणून द्यायचे.

आता माफी. ग्रुपवर नको, त्यानं ग्रुप सोडलाय, तो काही नाटक म्हणून सोडलेला नाही. चौघांनी मिळून जायचं नाही, चार विरुद्ध एक परत तेच होतं. तू एकटा जा, आधी मेसेज कर की मला भेटायचंय, नाही म्हणालास तरी चालेल. भेटला तर शब्दाचं नाव घेऊन बोल, "आम्ही तुला दोन वर्षं त्या नावानं हाक मारली ते चूक होतं." "जर तुला वाईट वाटलं असेल तर" हे वाक्य घरी ठेवून जा, त्यात जर आहे. "तू आधी का नाही बोललास" हे तर अजिबात नको, ते परत त्याच्याच गळ्यात घालणं झालं. आमचा हेतू तसा नव्हता हे एकदाही म्हणू नकोस, त्याला माहितीय. रडू नकोस, नाहीतर तोच तुला पाणी देत बसेल. आणि माफ केलं का असं विचारू नकोस. तो परत येईलच असं नाही, काही येतात काही नाही, माझ्याकडचा केनियाचा मुलगा अजून दर दिवाळीला फोन करतो आणि नागालँडच्या एका मुलीनं माझं पत्र उघडलं पण नाही.

आणि एक काम आज कर. फोनमध्ये त्याचा नंबर कोणत्या नावानं सेव्ह आहे? मला न सांगताही कळतंय. एका मुलाचं असं झालं होतं की मित्रांनी नंबर तसा सेव्ह केलेला, तो कॉलर ओळखणाऱ्या अ‍ॅपनं उचलला, आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूला कंपनीतून फोन करणाऱ्या बाईंच्या स्क्रीनवर त्याच्या नावाच्या जागी "चिंकी रूममेट" आलं. त्या बाईंनीच हसत हसत त्याला सांगितलं. चौघांनी आपापल्या फोनमधून बदला, त्याच्या मागं मागं ते नाव फिरत राहायला नको.

डिपॉझिट भेटीसाठी अडवून ठेवू नकोस, "ये ना घ्यायला, बोलू" असलं काही नको. पूर्ण पाठव, लाइट बिल कापत बसू नका, आणि मेसेजच्या जागी काही लिहू नकोस. नंबर टाकलास की पैसे जायच्या आधी वर त्याचं बँकेतलं नाव येईल, पूर्ण. ते वाच एकदा, आणि मोठ्यानं म्हणून बघ.